दोन कुलपांची खोली

कवसाकाकूची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. काकू गेल्यावर ही किल्ली कोणाकडे द्यायची यावरून वस्तीच्या सभेत बराच वाद झाला. आमच्या सोलरच्या बॅटरीच्या खोलीला दोन कुलपं आहेत, आणि दोन किल्ल्या अशा दोन घरांत ठेवायच्या की ज्या घरांचं एकमेकांशी पटत नाही, असा नियम आहे. एक किल्ली इंदिराबाईकडे आहे. पण इंदिराबाईशी भांडण असलेलं माणूस आता वस्तीत कोणी उरलं नाही. शेवटी तांड्यातला बळीराम राठोड म्हणाला, "चक्कीवाल्या बाईले द्या. ते कोनाशीच बोलत नाही. भांडन नसलं त काय झालं, बोलनं बी त नाही."

सगळे हसले. मी मान खाली घातली, आणि मान खाली घातली म्हणजे हो म्हटलं असं समजून किल्ली माझ्या हातात आली.

किल्लीला लाल लोकर बांधलेली आहे. ती कवसाकाकूनं बांधली. कोणी तशीच दुसरी किल्ली आणून बदलू नये म्हणून त्या लोकरीत तिनं स्वतःचा एक पांढरा केस गुंडाळला आहे. ही गोष्ट तिनं एकदा मला स्वतःच सांगितली, आणि सांगून झाल्यावर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच जाऊन तसाच पांढरा केस शोधणार आहे.

तिचं नाव कौसल्या. लहानथोर सगळे कवसाकाकू म्हणायचे. कोणी काही म्हटलं की तिचा पहिला शब्द "कायले?" हाच असायचा. "काकू, बस ना." "कायले?" "काकू, चहा घे." "कायले?" मग ती बसायची, चहाही घ्यायची. पण कप आधी नाकाशी नेऊन, आणि देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. दुकानातून तेल आणलं तर बाटली उन्हात धरायची. आर्णीच्या बाजारात वांगं घ्यायचं तर देठ वाकवून बघायचं आणि मग शेजारच्या दुकानातलं घ्यायचं, कारण पहिला दुकानदार हसला होता. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या तर पहिल्या गोळीचा तुकडा भाकरीत घालून कोंबडीला. कोंबडी दिवे लागेपर्यंत नीट राहिली, की काकू आपली गोळी घ्यायची. तिची ती लाल कोंबडी म्हातारपणापर्यंत ठणठणीत होती. काकू म्हणायची, "पाहा, किती औषध पचवलं तिनं."

लोक हसायचे. पण हसताना थोडे मागे सरकायचे, कारण पुढचा संशय कोणावर पडेल याचा भरवसा नव्हता.

तिला असं कशानं केलं ते मला माहीत नाही. एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली आहे. मी नवीनच लग्न होऊन या वस्तीत आले होते. आमची वस्ती आणि तिला लागून असलेला तांडा नाल्याच्या पलीकडे आहेत. सरकारी लाईन नाल्याअलीकडच्या गावात होती, आणि तिथून आमच्यापर्यंत जी तार आली ती अगदी शेवटची. तिच्यात जीव नसायचा. बल्ब लागायचा तो दुखऱ्या डोळ्यासारखा लाल. वारं सुटलं की तेवढाही जायचा. एक दिवस एक गाडी आली, आणि कोण्या कंपनीतर्फे घरोघरी सोलरचे कंदील वाटायचे आहेत असं सांगितलं. सगळ्या बायांना उन्हात ओळीनं उभं केलं. एकेकीच्या हातात कंदील दिला, हसायला लावलं, फोटो काढला. फोटो झाल्यावर तो माणूस म्हणाला, "आता कंदील इकडे द्या, चार्जिंग करून उद्या आणून देतो." सगळ्यांनी दिले. मीही दिला.

कवसाकाकूनं दिला नाही. तिनं कंदील पदराखाली घेतला. "कायले? सोलर हाये ना? मंग सूर्य इथं बी हाये." तो माणूस समजावू लागला, मग आवाज चढवू लागला. काकू म्हणाली, "तुह्या फोटोत माहा हात हाये या कंदिलावर. फोटो खोटा असन त फाडून टाक. खरा असन त कंदील माहा."

गाडी गेली ती परत आली नाही. त्या वर्षी वस्तीत एकच सोलरचा कंदील होता. कोणाच्या घरी पाव्हणे आले, कोणाला साप दिसला, की काकूच्या दारात जाऊन मागावा लागायचा. ती द्यायची. पण कंदिलासोबत स्वतः यायची, आणि काम होईपर्यंत तिथं बसून राहायची.

त्यानंतर काही वर्षांनी एका संस्थेची मुलगी आमच्याकडे येऊ लागली. ती म्हणायची, कंपनीची नाही, सरकारची नाही, तुमची स्वतःची वीज करा. सगळ्या घरांनी भाग घालायचा, सभासद व्हायचं, सोलरच्या प्लेटा लावायच्या, त्यावर घरातले दिवे, पंखे आणि एक चक्की चालवायची. एका घराचं एक मत. एकराचा हिशोब नाही. सभा एकदा विहारासमोर आणि पुढची तांड्यात.

त्यावेळी चक्की म्हणजे आम्हा बायांचा जीव खाणारी गोष्ट होती. डोक्यावर दळण घेऊन नाला ओलांडायचा, गावातल्या चक्कीपुढे बसायचं, आणि लाईन आली नाही तर ज्वारी तशीच परत आणायची. म्हणून बायांनी लगेच हो म्हटलं. कवसाकाकू मागं, भिंतीला टेकून उभी होती.

"पोरी," ती म्हणाली, "हे जळालं त कोनाचं जळन?"

"तुमचं, काकू."

"चोरी गेलं त?"

"तेही तुमचंच."

"अन् उरलं त?"

"उरलं तरी तुमचंच. कोणी नेणार नाही."

काकू शेजारच्या बाईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आजपावतर जो आला त्यानं पयले फायदा सांगतला. हे पोरगी पयले नुकसान सांगून राह्यली. खरं असू शकते बाप्पा." आणि ती सभासद झाली, सगळ्यात शेवटी.

मालक झाल्यावर ती अधिकच संशयी झाली. परक्याची वस्तू असती तर तिनं एवढं पाहिलं नसतं. प्लेटा लागल्या त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ त्यांच्याभोवती फिरायची. प्लेटा पुसायची प्रत्येक घराची पाळी ठरली होती. ज्याची पाळी झाली त्याच्या मागून जाऊन ती प्लेटेवर बोट फिरवायची. आणि बॅटरीच्या खोलीला कुलूप लावायची वेळ आली, तेव्हा सभेत सगळ्यांत मोठं भांडण झालं. वस्तीवाले म्हणाले किल्ली आमच्याकडे, तांड्यातले म्हणाले आमच्याकडे. आम्हा सभासदांचा अध्यक्ष उत्तम, ज्याचं किराणा दुकान आहे, म्हणाला, "भरोशाच्या मानसाकडे द्या."

"भरोशाचं माणूस कोनतं?" काकूनं विचारलं. कोणी नाव घेईना. "त दोन कुलपं लावा. एक किल्ली बळीराम राठोडकडे. एक वामनकडे."

तांड्यातला बळीराम आणि वस्तीतला वामन यांच्या शेतांचा धुरा, म्हणजे बांध, एक होता आणि त्या धुऱ्यावरून त्यांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं होतं. एकानं बैलाला चाबूक मारला तरी दुसऱ्याला वाटायचं आपल्यालाच मारला. उत्तम म्हणाला, "काकू, ते एकमेकाचं तोंड नाही पाहत. संगं कसे येतीन?"

"तोंड कायले पाहा लागते? कुलूप पाहा ना. ज्याईचं पटते ते मिळून खातीन. ज्याईचं पटत नाही ते एकमेकाले राखतीन."

तसंच झालं. खोली उघडायची असली की दोघं दोन दिशांनी यायचे, आपापलं कुलूप काढायचे, आत बॅटरीचं पाणी, वायरी पाहायचे, आणि दोन दिशांनी जायचे. चक्की त्याच खोलीला लागून आहे आणि ती मी चालवते, म्हणून मी हे रोज पाहायचे. आमची वीज कधी चोरीला गेली नाही. आकडा कोणी टाकला नाही. बळीराम वामनला आणि वामन बळीरामला पकडायला टपलेले, मग टाकणार कोण?

मालक असण्याचा खरा उपयोग मला कळला तो एका उन्हाळ्यात. दोन बॅटऱ्या खराब झाल्या, नवीन यायला वेळ होता. सगळ्यांना पुरेल एवढी वीज नव्हती. गावातल्या लाईनचं असं झालं असतं तर कोणाला विचारणार? फोन लावत बसायचं. इथं तांड्यात सभा भरली. टीव्ही बंद, दुकानातला फ्रीज बंद. उत्तमनं स्वतःचा फ्रीज बंद करायला हात वर केला, तोंड कडू करून. चक्की फक्त सकाळी. आणि दुपारी एकच पंखा चालेल, बळीरामच्या घरी, कारण त्याची सून बाळंतीण होती. यावर हात वर करणाऱ्यांत वामनही होता. बळीरामकडे न पाहता त्यानं हात वर केला.

कवसाकाकूनंही केला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती उन्हातून तांड्यात निघाली. मी म्हटलं, "कुठं?" ती म्हणाली, "पाहून येतो. पंखाच चालून राह्यला का त्याच्या आडून टीव्ही." ती गेली आणि दिवस कलेपर्यंत परत आली नाही. मला काळजी वाटून मी पाहायला गेले, तर पंख्याखाली बळीरामची नात तिच्या मांडीवर झोपलेली, सून बाजूला गाढ झोपलेली. मला पाहून काकू दबक्या आवाजात म्हणाली, "पंखाच हाये. पन रोज पाहा लागन." मग ती बाळंतपण संपेपर्यंत रोज पंखा तपासायला जात राहिली. बळीराम तिला याडी म्हणू लागला तो तेव्हापासून. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. "याडी आली, याडी आली," तो अंगणातून ओरडायचा. काकू म्हणायची, "एवढं गोड कायले बोलून राह्यला हा?"

मग तिच्या नियमाचं व्हायचं ते झालं. रोज एका दारात उभं राहून दोन माणसं किती दिवस गप्प राहणार? आधी बॅटरीबद्दल एखादा शब्द. मग पावसाबद्दल. एक दिवस मी चक्कीतून पाहिलं, वामननं खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी काढली, चोळली, आणि न बोलता बळीरामपुढे धरली. बळीरामनं चिमूट घेतली. मला फार बरं वाटलं. कवसाकाकू दळण घेऊन आली होती, तिनंही ते पाहिलं. तिच्या हातातला डबा खाली टेकला.

"मिटलं वं याईचं," ती म्हणाली. आवाज असा, कोणाच्या घरी आग लागल्यासारखा.

"चांगलं झालं ना काकू."

"कायचं चांगलं? आता किल्ल्या हालवा लागतीन."

तिनं सभा बोलावली. बळीराम-वामननं कोर्टातली केस मागं घेतल्याचं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकू एकटीच कपाळाला हात लावून बसली. "टाळ्या मंग वाजवा. पयले किल्ल्या घ्या." वामन म्हणाला, "काकू, आता ज्याईचं पटत नाही असं वस्तीत कोन राह्यलं? तूच अन् इंदिराकाकू." तो थट्टेनंच म्हणाला. पण सभेत हशा झाला, हात वर झाले, आणि काकूच्याच नियमानं एक किल्ली तिच्याकडे आली, दुसरी तिच्या जावेकडे.

इंदिराबाई तिची धाकटी जाऊ. दोघींची घरं एका भिंतीची, घरामागची सांदवाडी एक, आणि बोलणं बंद. कारण विचाराल तर एक लुगडं. काकूच्या पोरीच्या लग्नात इंदिराबाईनं जे लुगडं आहेर केलं, ते इंदिराबाईला आधी काकूच्याच माहेरहून आलेलं होतं, तेच फिरवून दिलं, असं काकूचं म्हणणं. काठावर हळदीचा डाग होता म्हणे. इंदिराबाई म्हणाली, आर्णीच्या बाजारातून नवं घेतलं. त्यावर काकू भर मांडवात म्हणाली, "मंग दुकानदाराचं लगन झालं असन त्यात." तेव्हापासून बंद. काही सांगायचंच असलं तर दोघी बकरीला सांगायच्या. काकूची पांढरी बकरी दोघींच्या मधे बांधलेली असायची. "सांग तिले, पानी भरून घे म्हना, नळ जाईन." "सांग, माहे डोये फुटले नाही म्हना." बकरी दोघींकडे आळीपाळीनं बघायची.

त्या दोघी कुलपापाशी आल्या की बळीराम-वामनसारखं काही होईल अशी मला आशा होती. काही झालं नाही. रोज सकाळी यायच्या, कुलपं काढायच्या, आत उत्तम पाहायचा, त्या बाहेर पाठीला पाठ करून उभ्या. मीच मनात म्हटलं, हिचा संशय पंख्याखाली वितळतो, जावेपुढे का वितळत नाही?

मग ती पांढरी गाडी येऊ लागली. त्यातला साहेब यवतमाळहून यायचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. सभेत त्यानं सांगितलं, "तुमचा प्लँट आमची कंपनी चालवायला घेईल. नवीन बॅटऱ्या आम्ही टाकू. तुम्हाला वर्षभर वीज फुकट. पुसायची पाळी नाही, मीटिंगा नाहीत, कटकट नाही. फक्त आत आमचं मीटर आणि दाराला आमचं कुलूप."

खरं सांगायचं तर पुष्कळांना ते पटलं. कापूस वेचायच्या दिवसांत प्लेटा पुसायला जायचं जिवावर यायचं. सभांना लोक कंटाळले होते. उत्तमही म्हणाला, विचार करायला हरकत नाही. कवसाकाकूनं विचारलं, "वर्षानंतर?"

"नंतर कंपनीच्या दरानं."

"दर कोन ठरवन?"

"कंपनी."

"अन् बाळंतिनीचा पंखा?"

साहेबाला ते कळलं नाही. तो हसला. काकू खाली बसली. पुढच्या सभेत मत घ्यायचं ठरलं.

त्या सभेच्या आधीच एका दुपारी गाडी आली, दोन मिस्त्री घेऊन. वेचणीचे दिवस, वस्ती रिकामी. मी चक्कीवर होते. साहेब मला म्हणाला, "बाई, चक्की बंद करा, तपासणी आहे." मी बंद केली. विचारायला मला तोंड फुटलं नाही. मी दारात आले तर खोलीचं एक कुलूप आधीच उघडून कडीला लटकत होतं. इंदिराबाईचं. साहेब कवसाकाकूच्या अंगणाकडे निघाला होता. मी त्याच्या मागून, थोडं अंतर ठेवून गेले.

"काकू, किल्ली द्या. मीटर बसवून मोकळं करतो. इंदिराबाईंनी दिलीय त्यांची."

"कायले?" काकू म्हणाली. मग ती उठून माझ्याजवळ आली आणि वळून खोलीकडे पाहिलं. लटकणारं कुलूप तिला दिसलं. तिच्या तोंडाचा रंग उतरला. मला वाटलं, झालं. जावेवरचा तिचा एवढ्या वर्षांचा संशय आज खरा ठरला, आता ती रागारागानं किल्ली फेकून देईल.

ती सांदवाडीत गेली. इंदिराबाई भिंतीशी तूर निवडत होती. काकू बकरीपुढे उभी राहिली.

"विचार तिले. कितीले इकली किल्ली?"

इंदिराबाईनं सूप खाली ठेवलं. "सांग तिले. ज्यानं पयले देली त्यानं मले इचारू नये म्हना."

"कोनं पयले देली?" काकू बकरीवरच ओरडली. बकरी दचकून मागं सरली, दोरी ताणली गेली, आणि मधली जागा रिकामी झाली.

"त्वाच!" इंदिराबाई उठून सरळ काकूकडे पाहत म्हणाली. "कवसाबाईनं देली, तुम्हीच राह्यल्या, असं म्हने थो. त्याच्या हातात तुह्या किल्लीसारखी किल्ली व्हती. त्वा देली म्हनून त म्या देली!"

"म्या? मी कायले देऊ?"

"तुहा भरोसा म्हनून देली. तू सहजासहजी देनारी नाही. तू देली म्हंजे पारखूनच देली असन."

आपल्यावर कोणी भरवसा ठेवला असेल, हे काकूच्या डोक्यात कधी आलं नसावं. आणि ठेवला तर कोणी, तर या बाईनं. क्षणभर तिनं इंदिराबाईकडेही तसंच पाहिलं, जसं ती चहाच्या कपाकडे पाहायची. मग ती वळली.

"चाल," ती म्हणाली. बकरीला नाही.

दोघी जाऊन खोलीच्या उंबरठ्यावर बसल्या, दारभर, खांद्याला खांदा लावून. इंदिराबाईनं मिस्त्र्याच्या हातातून आपली किल्ली ओढून घेतली आणि बसल्या बसल्या मागं हात नेऊन कुलूप लावलं. साहेब गोड बोलला, मग घाईचं बोलला. शेवटी चिडून म्हणाला, "पण तुम्ही दोघी तर बोलत नाही ना एकमेकींशी?"

काकूचे डोळे बारीक झाले. "हे तुले कोनं सांगतलं?"

साहेब गाडीकडे वळला. मिस्त्री गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळानं गाडी गेली. त्या दोघी मात्र लोक शेतातून येईपर्यंत तिथंच बसून होत्या. मी चक्की सुरू केली, म्हणजे त्या काय बोलतात ते मला ऐकू येऊ नये. पण मधेच दाणे संपले आणि चक्कीचा आवाज पडला, तेव्हा काकूचं बोलणं कानावर आलं.

"आपल्यातलंच कोनीतरी फुटलं हाये. त्याले माहीत व्हतं आपलं बोलनं नाही. म्हनूनच हा डाव."

"मंग आता?"

"आता बी आपलं बोलनं नाही. समजलं काय वं? लोकाईपुढं नाही. पुन्हा कोनी असाच येईन, इकडे एक सांगन, तिकडे एक सांगन. येऊ दे. सापडन."

त्यानंतरच्या सभेत काकूनं उभं राहून सगळं सांगितलं. साहेबानं दोघींना वेगवेगळं खोटं सांगितलं, हे ऐकून वस्ती पेटली. ज्यांना फुकटचं पटलं होतं त्यांचेही हात खाली राहिले. वीज आमचीच राहिली. उत्तमनं विचारलं, "पन काकू, तुमचं त बोलनं नाही. तिले काय सांगतलं हे तुले कसं समजलं?"

"बकरीनं सांगतलं," काकू म्हणाली.

सगळे हसले. काकू हसली नाही. ती कोण कमी हसतं ते पाहत होती. कोण फुटलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिचा संशय उत्तमवर होता. मधे काही दिवस वामनवर आला, मग पुन्हा उत्तमवर. एकदा माझ्यावरही येऊन गेला असावा, कारण एक दिवस तिनं दळण घेऊन घरी नेण्याआधी पीठ दोन वेळा चाखलं. उत्तमचं दुकान अजून आहे. मी तिथून मीठ घेते तेव्हा मीही पुडा उजेडात धरून पाहते. का ते सांगता येत नाही.

तिला शेवटचं पाहिलं ते हिवाळ्यात. खोकला जात नव्हता, आणि कोंबडीवर तपासलेल्या गोळ्यांचा गुण येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी लेक तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेणार होती. तिथून ती परत आली नाही.

त्या सकाळी प्लेटा पुसायची पाळी माझ्या घराची होती. माझे मालक लोहाऱ्याला कारखान्यात कामाला असतात, म्हणून पाळीवर मीच जाते. बादली घेऊन खोलीच्या मागच्या बाजूनं गेले, तर कोवळ्या उन्हात त्या दोघी पायरीवर बसलेल्या. मधे टोपलं, त्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. वाफ निघत होती. दोघी सोलून खात होत्या. मी भिंतीआड थांबले.

"थे लुगडं," इंदिराबाई म्हणत होती, "आर्नीच्या बाजारातलंच व्हतं. खरंच सांगतो."

"माहीत हाये मले," काकू म्हणाली.

"कवापासून?"

"तवापासून."

शेंग सोलायचा आवाज तेवढा येत राहिला. मग काकूनं सोललेले दाणे हातात घेतले आणि जावेच्या हातावर ठेवले. इंदिराबाईनं ते वास न घेता तोंडात टाकले.

मला पुढं जायचं होतं, प्लेटांवर दव होतं. मी दोन पावलं मागं गेले आणि बादलीची कडी मुद्दाम जोरात वाजवली. भिंतीला वळसा घालून आले तोवर त्या दोघी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. काकूच्या तोंडात अजून घास होता. तिनं माझ्याकडे, नेहमीसारखं, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग समोर चरणाऱ्या बकरीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "सांग तिले, सरकून बस म्हना. ऊन अडवून राह्यली."

मी खाली मान घालून प्लेटा पुसायला लागले. सालांचा ढीग मात्र दोघींच्या मधे एकच होता.